नापास कोण झालं? आई की दवाखाना?

मागच्या महिन्यात माझी भावजय नापास झाली. वीसपैकी सात.

परीक्षा तिने मागितली नव्हती. जवळच्या एका नर्सिंग कॉलेजच्या दोन मुली आशाताईंकडून बाळंतिणींची यादी घेऊन आमच्या मोहल्ल्यात आल्या होत्या. हातात छापील प्रश्नावली. विषय होता, नवजात बाळाच्या त्वचास्पर्श संगोपनाविषयी मातांची जाणीव. 'कांगारू मदर केअर म्हणजे काय?' 'ती कोण देऊ शकतं? आई, वडील, आजी, की वरील सर्व?' 'दिवसातून किती तास द्यावी?' भावजय बारावी पास आहे, वाचून उत्तरं लिहू शकते. पण कांगारू तिने फक्त शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात पाहिलेला. अंदाजाने खुणा केल्या आणि सात मिळाले.

मग मुलींनी पिशवीतून एक प्लॅस्टिकची बाहुली काढली. तिला टोपडं घातलं, लंगोट बांधला आणि छातीशी उभी धरून कसं बांधायचं ते दाखवलं. शिकवणं चांगलं होतं, त्यात काही खोट काढता येणार नाही. नंतर तीच प्रश्नावली पुन्हा दिली. या वेळी सतरा. मुली खूश झाल्या. त्यांच्या प्रबंधात आता लिहिलं जाईल की शिकवण्याआधी मातांची जाणीव अपुरी होती आणि शिकवल्यानंतर तिच्यात लक्षणीय वाढ झाली.

हे सगळं चाललं होतं तेव्हा आतल्या खोलीत माझा भाचा तीन दुपट्यांत गुंडाळून झोपला होता. वय बावीस दिवस. साडेसात महिन्यांत जन्मलेला, जन्माचं वजन १ किलो ७०० ग्रॅम. त्यातले पहिले नऊ दिवस तो दवाखान्यात काचेच्या पेटीत होता आणि त्याची आई बाहेर जिन्याखालच्या फरशीवर सतरंजी टाकून. या नऊ दिवसांबद्दल वीस प्रश्नांत एकही प्रश्न नव्हता.

म्हणून एकविसावा प्रश्न मी विचारते आहे. आईला नाही, बाकी सगळ्यांना. त्या नऊ दिवसांत बाळ आईच्या छातीवर एकदाही का ठेवलं गेलं नाही?

आधी ही काय चीज आहे ते सांगते, कारण वाचणाऱ्या बहिणींपैकी अनेकींना कुणी सांगितलेलं नसेल. बाळाला फक्त लंगोट, टोपडं आणि पायमोजे घालायचे. आईच्या उघड्या छातीवर, दोन्ही स्तनांच्या मधोमध, त्याला उभं ठेवायचं. मान एका बाजूला वळलेली, किंचित वर, म्हणजे श्वास मोकळा राहतो. हातपाय बेडकासारखे दुमडलेले. वरून ओढणीने किंवा कापडाने दोघांना मिळून बांधायचं आणि त्यावर कुडता किंवा गाऊन घालायचा. आईने थोडं मागे रेलून बसायचं. बस्स, इतकंच.

कमी वजनाच्या बाळाच्या अंगावर चरबी नसते, त्यामुळे ते फार लवकर गार पडतं. गार पडलं की दूध ओढत नाही, रक्तातली साखर उतरते, श्वास मंदावतो. आईची छाती त्याला सतत ऊब देते. तिच्या श्वासाच्या लयीने त्याचा श्वास स्थिर होतो, दूध तोंडाजवळच असतं आणि दूध उतरायलाही मदत होते. शिवाय दवाखान्यातले जंतू त्याच्या अंगावर बसण्याआधी आईच्या अंगावरचे ओळखीचे, बहुधा निरुपद्रवी जंतू तिथे जागा धरतात.

ही पद्धत श्रीमंतांच्या दवाखान्यात जन्मलेली नाही. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात एका गर्दीने भरलेल्या सरकारी प्रसूती रुग्णालयात डॉ. एडगर रे यांनी ती सुरू केली. पेट्या कमी होत्या, एकेका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळं ठेवावी लागत, एकाचा संसर्ग दुसऱ्याला होई. पेटी नाही म्हणून त्यांनी आईलाच पेटी केलं. त्यासाठी तिथल्या गरीब बायांची आधी जाणीव मोजत बसावं लागलं नाही. बाळ छातीवर ठेवलं आणि काय करायचं ते त्यांना जागेवरच समजावलं.

आता आपल्या देशाचं बघा. २०२१ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत अशा पाच देशांतली पाच रुग्णालयं त्यात होती. भारतातलं होतं दिल्लीचं सफदरजंग, म्हणजे सरकारी आणि गर्दीचंच. १ किलो ते १ किलो ८०० ग्रॅमच्या आतली ३,२११ बाळं. निम्म्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीवर देण्यात आलं, उरलेल्यांना नेहमीच्या रीतीने आधी पेटीत किंवा वॉर्मरवर ठेवून, तब्येत स्थिर झाल्यावर. पहिल्या २८ दिवसांत दुसऱ्या गटातली १५.७ टक्के बाळं दगावली, पहिल्या गटातली १२ टक्के. म्हणजे शंभरामागे जवळपास चार जीव वाचले. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्या वेळेआधी थांबवण्यात आला, कारण उरलेल्या बाळांना आईपासून दूर ठेवणं योग्य राहिलं नव्हतं.

या आकड्यांमागे काय बदललं होतं? आईची जाणीव? नाही. तिचा पलंग बदलला. बाळांच्या अतिदक्षता विभागातच आईसाठी पलंग टाकला गेला. आई आणि बाळ एकाच खोलीत, एकाच छताखाली. पहिल्या गटातली बाळं दिवसाला साधारण १७ तास छातीवर होती. दुसऱ्या गटातली अतिदक्षता विभागात असेपर्यंत दीड तास. दोन्हीकडच्या बायका त्याच वस्त्यांतून आलेल्या, सारख्याच शिकलेल्या किंवा न शिकलेल्या. एकीला आत घेतलं, दुसरी बाहेर राहिली. फरक एवढाच.

त्याआधी, २०१९ साली, हरियाणातल्या ८,४०० बाळांचा अभ्यास आला. तिथे कार्यकर्त्या घरी जायच्या, आईशेजारी बसायच्या, बाळ छातीवर ठेवायला मदत करायच्या, घरच्यांची समजूत घालायच्या आणि पुन्हा पुन्हा यायच्या. पहिल्या महिन्यातले मृत्यू तिथेही कमी झाले. माहिती उपयोगाची असतेच, पण माहिती देणारा माणूस शेजारी बसला आणि हात लावून मदत केली तर. प्रश्नावली भरून निघून गेला तर नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या नोव्हेंबरात स्पष्ट सांगितलं की मुदतीआधी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या सर्व बाळांना ही सेवा जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करावी आणि दिवसाला ८ ते २४ तास द्यावी. श्वासच घेता येत नाही अशी अत्यवस्थ बाळं सोडली, तर आधी पेटी मग आई हा क्रम आता उलटा झाला आहे. आपल्या केंद्र सरकारने तर २०१४ सालीच या विषयाची कार्यपद्धती छापली. २०१७ साली आणखी एक पुस्तिका काढली, बाळाच्या शुश्रूषेत घरच्यांना आत घेण्याविषयी. कागद दवाखान्यात पोहोचले. बहुधा कपाटात आहेत.

आणि कमी वजनाची बाळं म्हणजे काही अपवाद नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशात वजन केलेल्या दर शंभर बाळांमागे सुमारे १८ बाळं अडीच किलोच्या आतली असतात. तुमच्या माझ्या गल्लीतली ही बाळं आहेत.

याच पाहणीतले आणखी दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. पण पहिल्या तासात आईचं दूध मिळालेली मुलं फक्त ४१.८ टक्के. वीस वर्षं आपण बायकांना सांगत आलो की घरी बाळंत होऊ नका, दवाखान्यात जा. त्या गेल्या. त्या पहिल्या तासात त्या डॉक्टर आणि सिस्टर यांच्या डोळ्यांसमोर, त्यांच्याच टेबलावर होत्या. तरी निम्म्याहून अधिक बाळं छातीला लागली नाहीत. याला आईचं अज्ञान म्हणायचं? तिथे जाणकार कोण होतं? टेबलावर कळा सोसून पडलेली बाई, की हातमोजे घालून शेजारी उभी असलेली माणसं?

आता माझ्या भावजयीची गोष्ट पुरी करते. चौथ्या दिवशी मी स्वतः बाळांच्या विभागाच्या दाराशी गेले. कुठेतरी वाचलेलं होतं, म्हणून सिस्टरना विचारलं, "बाळाला आईच्या अंगाला लावून ठेवता येईल का?" त्या वाईट बाई नव्हत्या. रात्रभराच्या ड्युटीने डोळे लाल झाले होते आणि एकट्या पंधरा-सोळा बाळं सांभाळत होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, आम्ही करतो ना इथे. पण तुमच्या बायका नाही करत. तुमच्यात पडदा असतो. म्हणून तुमच्याकडे आम्ही विषयच काढत नाही."

मी विचारलं, "कुठल्या बाईला विचारलं होतंत?"

त्या गप्प बसल्या. कुणालाच विचारलेलं नव्हतं. बुरखा पाहिला आणि उत्तर स्वतःच लिहून टाकलं.

हे मला त्या नऊ दिवसांतलं सगळ्यात जास्त लागलं. शिवी दिली असती तर भांडता आलं असतं. इथे आदर दाखवून एक हक्क काढून घेतला होता. तुमच्या धर्माचा मान राखतो, म्हणून तुमच्या बाळाला ऊब देत नाही! आणि पडद्याचं म्हणाल तर त्या विभागात नेमका पडदाच नव्हता. एक लांबलचक हॉल, मध्ये ये-जा करणारे वॉर्डबॉय, दारात सुरक्षारक्षक, काचेतून डोकावणारे नातेवाईक. त्या हॉलमध्ये छाती उघडी करून तासन् तास कोण बसेल? पाटलांची सून बसेल? जोशांची मुलगी बसेल? शेजारच्या खाटेवरची लमाण तांड्यावरची पोरही बसली नसती. लाज काय फक्त मुसलमान बायकांना असते? दीडशे रुपयांचा सुती पडदा आणि पुढून उघडणारा गाऊन द्या, मग कोण नाही म्हणतं ते बघू. पडदा लावायचं काम दवाखान्याचं, ते केलं नाही म्हणून दोष आमच्या पडद्याला.

पण लेख इथेच संपवला तर मी अर्धंच खरं बोलले असं होईल. दवाखान्यावर बोट दाखवणं सोपं आहे. बाकीची बोटं आपल्याकडे वळलेली आहेत, त्यांचंही बोलू.

बाळ जन्मलं तेव्हा दाराबाहेर आमच्या घरची अकरा माणसं उभी होती. पहिला प्रश्न काय होता? आई कशी आहे? नाही. अजान कोण देणार, आणि शहद कोण चाटवणार. तहनीकचा मान मोठ्या चाचांचा की मामूंचा यावर पाऊण तास कुजबुज चालली होती. बाळ पेटीत गेलं म्हणून तो वाद मिटला, नाहीतर साडेसात महिन्यांच्या ज्या बाळाला अजून चोखणं आणि गिळणं नीट जमत नाही, त्याच्या तोंडात कुणीतरी बोट घातलंच असतं. बिरादरीतल्या वडीलधाऱ्यांना हात जोडून सांगते: एक वर्षाच्या आत मध देऊ नये असं डॉक्टर सांगतात ते उगाच नाही. मधात असू शकणाऱ्या जंतूंच्या बीजांनी तान्ह्या बाळाला जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते. आणि अजानचं म्हणाल तर तिला दोन-तीन मिनिटं लागतात. ती आईच्या छातीवर असलेल्या बाळाच्या कानातही देता येते. त्यासाठी बाळ उचलून, दुपट्यात गुंडाळून, बाहेर पुरुषांत फिरवायची गरज नाही. पहिला तास बाळाचा आणि आईचा आहे. तो खानदानाचा नाही.

दुसरी गोष्ट. घरी आल्यावर भावजयीने बाळ अंगाशी धरलं तर आमच्याच फूफी म्हणाल्या, चाळीस दिवस ती नापाक आहे, नहाण होईपर्यंत बाळाला फार चिकटवू नका. हे कुठून आलं? बाळंतपणानंतरच्या दिवसांत बाईला नमाज आणि रोजा माफ आहे, इतकंच. तिचं अंग, तिचा घाम, तिचं दूध यांतलं काहीही नापाक होत नाही. ज्या दीनमध्ये आईने दोन वर्षं दूध पाजण्याचा उल्लेख आहे, त्याच दीनचं नाव घेऊन तिला बाळापासून दूर करायचं? ही रीत आहे, धर्म नव्हे. आणि रीत जिवावर उठत असेल तर ती मोडायला कुणाच्या फतव्याची वाट बघण्याचंही कारण नाही.

तिसरी गोष्ट चिल्ल्याची. खोली बंद, खिडकी बंद, खाली कोळशाची शेगडी, बाळ तीन दुपट्यांत. ऊब हवी हे आपल्या दाद्या-नान्यांना बरोबर कळलं होतं. फक्त ऊब कोळशात शोधली आणि धूर बाळाच्या छातीत गेला. शेगडी विझवा. ऊब देणारं माणूस त्याच खोलीत बाजेवर पडलेलं आहे.

चौथी गोष्ट मर्दांची. माझा भाऊ नऊ दिवस औषधं आणणं, बिलं भरणं, चहा आणणं एवढंच करत होता. त्याच्या छातीलाही ऊब असते हे त्याला कुणी सांगितलं नाही. आईचं सिझेरियन झालं असेल, तिला रक्त चढत असेल, ती झोपेने कोसळली असेल, तेव्हा बापाने, आजीने, मावशीने हेच करायचं असतं. मी त्याला सांगितलं तेव्हा तो हसला. मर्दाने सदरा काढून बाळ घेऊन बसायचं, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, लोक म्हणतील की हा बाप आहे.

दवाखान्याच्या बाजूने दोन आक्षेप नेहमी येतात. त्यांना उत्तर देते. पहिला, आई आत आली तर संसर्ग होईल. २०२१ च्या अभ्यासात तेही मोजलं होतं. जन्मल्याबरोबर छातीवर ठेवलेल्या गटात संसर्गाचा संशय २२.९ टक्के बाळांत आला, दुसऱ्या गटात २७.८ टक्के. हात धुऊन आत आलेली आई जंतू आणत नाही, थोपवते. दुसरा आक्षेप, माणसं कमी आहेत. कमी आहेतच, आणि त्यासाठी सिस्टरना नव्हे, सरकारला जाब विचारला पाहिजे. पण सोळा बाळांमागे एक सिस्टर असेल तर सोळा आयांना जिन्याखाली बसवणं यात कुठला हिशेब आहे? त्या सोळा जणी फुकट, चोवीस तास, एका बाळावरून नजर न हटवता बसायला तयार आहेत. त्यांना आत घ्या.

म्हणून आमच्या चळवळीतल्या सगळ्यांना माझं सांगणं आहे. जाणीव-जागृतीची आणखी शिबिरं भरवू नका. त्याऐवजी पाच-पाच जणी मिळून आपल्या गावच्या, तालुक्याच्या, जिल्ह्याच्या दवाखान्यात जा आणि विचारा. बाळांच्या विभागात आईला बसायला रेलता येईल अशी खुर्ची किंवा पलंग आहे का? किती? पडदे आहेत का? पुढून उघडणारा गाऊन मिळतो का? आईला रात्रीही आत राहू देतात का, की भेटीची वेळ ठरलेली आहे? तिच्या जेवणाची, संडास-बाथरूमची सोय जवळ आहे का? बापाला आत घेतात का? ज्या बाळांना शक्य आहे त्यांतली आज किती बाळं छातीवर आहेत? उत्तरं लिहून घ्या आणि दवाखान्याला गुण द्या. वीसपैकी किती पडतात ते जाहीर करा.

आणि आईला सांगायचं ते बाळंतपणाआधी सांगा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी असते. तिथे रांगेत तास-दोन तास जातात. तेव्हा सांगा, मराठीत, उर्दूत, आमच्या घरच्या दखनीत. नऊ दिवस पेटीत ठेवून बाविसाव्या दिवशी बाहुलीवर दाखवण्यात काय अर्थ आहे? आशाताईंच्या घरभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरलेल्या आहेत. त्या आल्या की फक्त वजन लिहून जाऊ देऊ नका. म्हणा, बसा, बाळ अंगावर ठेवून दाखवा.

त्या दिवशी मीही तेच म्हटलं. मुली बाहुली पिशवीत घालायला लागल्या तेव्हा मी आत जाऊन भाच्याला घेऊन आले. "हा खरा आहे," म्हटलं, "याच्यावर दाखवा." दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. धाकटी म्हणाली, "मॅडम, आम्हाला फक्त माहिती द्यायला सांगितलंय." थोरलीने मात्र हात धुतले. दार लावलं, भावजयीला उशीला टेकून बसवलं, एकेक दुपटं सोडलं आणि बाळ तिच्या छातीवर ठेवून ओढणीने बांधलं. सगळं मिळून पाच मिनिटंही लागली नाहीत. बाळ जरा कुरकुरलं आणि मग गप्प झालं. भावजय काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने फक्त एवढंच विचारलं, "आपा, हे तिथे का नाही करू दिलं?"

तिला सतरा गुण मिळालेले होते. या प्रश्नाचं उत्तर मात्र तिने द्यायचं नाही. ते आपण सगळ्यांनी द्यायचं आहे, दवाखान्यानेही आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या आम्हा अकरा जणांनीही.